धनुष्य बदललं की नेम का ढळतो: पारंपरिक धनुष्यं आलटून-पालटून वापरताना पाळायचा क्रम

‘दादा, हे धनुष्य डावीकडंच मारतंय.’ दुसऱ्याचं धनुष्य हातात घेतलं की दहा मिनिटांत हे वाक्य येतंच. मग पोरगं उजवीकडं नेम धरतं. चार बाण बरे लागतात, पाचवा भलतीकडं जातो. कंटाळून ते आपल्या जुन्या धनुष्याकडं वळतं, पण हाताला उजवीकडची सवय लागलेली असते, त्यामुळं तिथलंही बिघडतं. यात नजरेचा दोष नसतो. एका धनुष्याचा बाण आणि एका धनुष्याचा हात दुसऱ्या धनुष्यावर गेलेला असतो. तो तसाच ठेवून नेम हलवत बसलं की सगळं मुसळ केरात.

म्हणून क्रम असा: आधी बाण, मग दोरी, मग हात, आणि नेम सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्यासाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. आणि एका तरी धनुष्यावर १५ मीटरवरून सहा बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसत नसतील, तर दुसऱ्या धनुष्याला अजून हात लावू नका.

१. हातात काय आहे ते आधी ओळखा

हौशी माणसाकडं साधारण तीन प्रकार येतात. पहिलं बांबूचं सरळ धनुष्य. आपल्याकडच्या इंडियन राउंडला, म्हणजे ३० आणि ५० मीटरच्या स्पर्धांना, हेच लागतं. याची मूठ मध्यापर्यंत कापलेली नसते, त्यामुळं बाण धनुष्याच्या एका अंगाला राहतो आणि त्याचं तोंड किंचित बाहेर वळलेलं असतं. दुसरं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य: रायझर, म्हणजे मधला मुठीचा भाग, लाकडी, आणि साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसलेलं. याची खिडकी, म्हणजे बाण जायची खाच, जवळजवळ मध्यापर्यंत कापलेली असते, त्यामुळं बाण बराचसा सरळ बसतो. तिसरं तुर्की, हंगेरियन किंवा कोरियन घाटाचं आखूड धनुष्य. याला बाण टेकवायला जागाच नसते. बाण थेट मुठीवर किंवा अंगठ्यावर राहतो, आणि दोरी बहुतेकदा अंगठ्यानं ओढली जाते.

प्रत्येक धनुष्याला वहीत एक पान द्या. त्यावर पहिली नोंद वजनाची, म्हणजे दोरी ओढायला लागणाऱ्या जोराची, आणि तीही छापलेल्या वजनाची नको. धनुष्यावर ‘४० पाउंड’ लिहिलेलं असतं ते २८ इंच ओढीचं. ओढ एक इंचानं कमी-जास्त झाली की वजन साधारण २ ते ३ पाउंडांनी बदलतं. तीन बोटांनी २६ इंचांपर्यंत ओढणाऱ्याच्या हातात ते ३५ च्या आसपास भरतं. तसंच वजन छापलेलं आखूड धनुष्य अंगठ्यानं कानामागं ३१ इंचांपर्यंत नेलं, तर ४७-४८ होतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून आपल्या ओढीपर्यंत ओढा. जितके किलो येतील त्याला २.२ ने गुणा.

> तपासा: दोन धनुष्यांच्या प्रत्यक्ष वजनात ५ पाउंडांहून जास्त फरक असेल तर अदलाबदलीचा सराव आत्ता सुरू करू नका. जड धनुष्यावर ओढ आपोआप आखडते, आणि तुम्ही दोष नेमाला देत बसता.

> धोका: २८ इंचांसाठी बनवलेलं बांबूचं धनुष्य अंगठ्यानं कानापर्यंत ओढू नका. मोडलं तर तुकडा तोंडाकडं येतो.

२. बाण वेगळे काढा

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो, म्हणून इथं वेळ घाला.

बाण सुटताना वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढं जातो. किती वाकायचं हे त्याच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर, ठरतं. मध्यापर्यंत कापलेल्या रिकर्व्हला वळसा थोडाच घालावा लागतो, तिथं ताठ बाण चालतो. बांबूच्या धनुष्याची पूर्ण जाडी ओलांडायची असते, तिथं तोच बाण ताठ पडतो. तीन बोटांच्या पद्धतीत बाण धनुष्याच्या डाव्या अंगाला असतो. त्यामुळं बाण ताठ असला तर डावीकडं जातो, नरम असला तर उजवीकडं. अंगठ्याच्या पद्धतीत बाण उजव्या अंगाला येतो आणि हिशोब नेमका उलटतो: ताठ बाण उजवीकडं, नरम डावीकडं. रिकर्व्हचे बाण बांबूच्या धनुष्यावर लावून ‘डावीकडंच मारतंय’ म्हणणाऱ्यांचं कोडं इथं सुटतं.

लाकडी किंवा बांबूच्या बाणांचा स्पाइन घरी मोजता येतो. फळीवर २६ इंच अंतरावर दोन खिळे ठोका आणि बाण त्यांच्यावर आडवा ठेवा. मधोमध २ पाउंड वजन टांगा, म्हणजे ९०७ ग्रॅम. किराणा दुकानातून पिशवीसकट ९०७ ग्रॅम साखर तोलून आणली तरी भागतं. बाण मध्ये किती मिलिमीटर खाली झुकला ते पट्टीनं मोजा आणि ६६० ला त्या आकड्यानं भागा. १३.२ मिमी झुकला तर स्पाइन ५० पाउंडांचा, १६.५ मिमी झुकला तर ४० चा. एका गटातल्या बाणांमध्ये ५ पाउंडांपेक्षा जास्त फरक नको. बांबूचा बाण गोल फिरवून चारही बाजूंनी मोजा. बहुतेकदा एक बाजू ताठ निघते. तिथं पेनानं खूण करा आणि प्रत्येक बाणाची तीच बाजू धनुष्याकडं येईल असा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी मागची खाच, बसवा.

कार्बन बाण वापरणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. कार्बनवर लिहिलेला ५००, ६०० हा आकडा बाण किती वाकतो त्याचा असतो, म्हणून आकडा मोठा तितका बाण नरम. लाकडी बाणाचा पाउंडांतला आकडा मोठा तितका बाण ताठ. दोन्ही प्रकार घरात असले की दुकानदाराला भलताच आकडा सांगितला जातो.

आता बाणाचं वजन. धनुष्याच्या दर पाउंडामागं ८ ते १० ग्रेन धरा. बांबूच्या धनुष्याला १० च्या खाली जाऊ नका. ४० पाउंडांच्या धनुष्याला ४०० ग्रेन म्हणजे साधारण २६ ग्रॅम. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमनं सरकतो आणि एका ग्रॅममध्ये १५ ग्रेन मावतात, त्यामुळं तो या कामाचा नाही. ओळखीच्या सराफाकडं बाणांची जुडी घेऊन जा. तो हसेल, पण तोलून देईल.

लांबीचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. अंगठ्यानं ओढ लांबते, आणि तीन बोटांसाठी कापलेला २८ इंची बाण ओढीच्या शेवटी मुठीच्या आत येतो. त्या क्षणी सोडला तर टोक आपल्याच हातात घुसतं. पूर्ण ओढीत बाण मुठीपुढं किमान दीड-दोन इंच दिसायला हवा.

पिसांकडंही बघा. वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेर हवं. तीन बोटांच्या पद्धतीत ते डावीकडं येतं, अंगठ्याच्या पद्धतीत उजवीकडं. पद्धत बदलली पण बाण फिरवून लावला नाही, तर ते पीस धनुष्यावर आपटतं. मुठीवरून सुटणाऱ्या बाणाला प्लॅस्टिकची पिसं लावू नका. आणि पिसाच्या पुढच्या टोकाला दोऱ्याचा गुळगुळीत वेढा द्या. नाहीतर ते टोक अंगठ्याजवळची कातडी चिरतं.

शेवटी प्रत्येक गटाला एकाच रंगाच्या दोऱ्याची किंवा रंगाची पट्टी द्या, आणि धनुष्याच्या मुठीखाली त्याच रंगाचा ठिपका. लाल ठिपक्याला लाल बाण. उन्हात आणि गप्पांच्या नादात हीच खूण कामी येते.

> तपासा: रोज प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलका वाकवा. ‘कट्’ आवाज आला किंवा चीर दिसली की तिथंच मोडून टाका. बाजूला ठेवलेला बाण पुन्हा भात्यात जातोच.

३. दोरी चढवा आणि मोजा

धनुष्य बदललं की दोरीची उंची, म्हणजे ब्रेस हाइट, पुन्हा मोजायची. काल मोजली होती म्हणून आज चालेल असं नाही. मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचं हे अंतर. सरळ धनुष्याला साधारण ६ ते ७ इंच, रिकर्व्हला ७ ते ९; नेमका आकडा बनवणाऱ्यानं सांगितलेला घ्या. आकडा खाली आला असेल तर दोरी काढून पीळ वाढवा. पीळ वाढला की दोरी आखडते आणि उंची वाढते. दोरी मनगटावर चाटायला लागली किंवा सुटताना आवाज भसाडा झाला, तर नेमाचा विचार सोडून पट्टीनं उंची मोजा.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तिथं ठेवलेलं लाकडी, बांबूचं किंवा चिकटवलेल्या थरांचं धनुष्य नरम पडतं, थर सुटायची भीती राहते, आणि दोरीही ताणते. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटोपा आणि मधल्या वेळात धनुष्य दोरी उतरवून सावलीत ठेवा. दिवसभर दोरी चढवलेलं धनुष्य संध्याकाळी बाण खाली मारतं, आणि माणूस समजतो हात थकला.

पावसाळ्यात पिसं भिजून बसतात, आणि बुटाला काळ्या मातीचे थर चढून उभं राहण्याची उंची बदलते. मुरमाची दोन पाटी टाकून पाय ठेवायची जागा करून घ्या.

नॉक-पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण बसवायची खूण, प्रत्येक धनुष्याची वेगळी. तीन बोटांत बाण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये येत असेल तर बाण दोरीला काटकोनात बसतो त्या रेषेपासून साधारण १० मिमी वर सुरुवात करा. तिन्ही बोटं बाणाखाली धरणाऱ्यांनी किंचित आणखी वर. अंगठ्याच्या पद्धतीत हाताची पकड पूर्ण बाणाखाली असते, त्यामुळं खूण तीन बोटांवरून उचलून आणू नका, नव्यानं लावा. खुणेची पितळी कडी तिथं अंगठ्याला किंवा दोरी ओढायला त्यात घातलेल्या अंगठीला अडकते. मेण लावलेला दोरा बांधा.

> धोका: बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. दसऱ्याला शस्त्रपूजेत ठेवलेलं धनुष्य फोटोसाठी ओढून सोडणारा पाहुणा प्रत्येक घरात असतो. पूजेला ठेवायचं तर दोरी उतरवूनच ठेवा.

४. हात बदला

इथं क्रम महत्त्वाचा आहे: मूठ, मग दोरीची पकड, मग गालाची जागा, मग कल. आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं धरू नका.

मूठ: रिकर्व्हची मूठ पिस्तुलासारखी असते, दाब अंगठ्याच्या मुळाशी येतो. बांबूच्या सरळ मुठीवर तसाच हात धरला तर मनगट रोज वेगळ्या जागी बसतं. तिथं तळव्याचा खालचा भाग टेकू द्या. मुठीवर सुतळीचा एक वेढा दिला की बोटाला जागा न बघता सापडते.

दोरीची पकड: तीन बोटांवरून अंगठ्यावर जाताना घाई होते. अंगठा दोरीभोवती वळवून तर्जनी त्याच्या नखावर हलकी ठेवायची. बहुतेक जण तर्जनी आवळतात, मग सोडताना ती उशिरा सुटते आणि बाण बाजूला ढकलला जातो. तर्जनीचं काम अंगठ्याला अडकवून ठेवायचं आणि तिच्या मुळाच्या बाजूनं बाणाला धनुष्याशी टेकवून ठेवायचं, एवढंच. अंगठी ढिली असेल तर आतून चामड्याचा तुकडा लावा. उलट्या प्रवासात, अंगठ्यावरून तीन बोटांवर येताना, सगळा भार पहिल्या बोटावर पडतो. मधल्या बोटानं ओझं घ्यायला हवं.

गालाची जागा: तीन बोटांत तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला. अंगठ्यात हात जबड्याच्या हाडामागं किंवा कानाच्या पाळीखाली. दोन्हीकडं एक नाही, दोन स्पर्श ठरवा. उदाहरणार्थ बोट ओठाला आणि अंगठ्याचं हाड जबड्याला. एकाच स्पर्शावर भिस्त ठेवली तर ओढ अर्ध्या इंचानं चुकते आणि तुम्हाला कळतही नाही.

कल: तीन बोटांत बाण डावीकडं असतो, म्हणून धनुष्याचं वरचं टोक उजवीकडं थोडं कललं तर बाण मुठीवर बसून राहतो. अंगठ्याच्या पद्धतीत बाण उजवीकडं असतो. तोच कल ठेवला तर बाण अंगठ्यावरून घसरू लागतो. सुरुवातीला धनुष्य उभं धरा, कल नंतर बघू.

आणखी एक चोरून येणारी सवय. अंगठ्याच्या पद्धतीत काही जण बाण सुटताना मुठीचा हात किंचित बाहेर फिरवतात, म्हणजे दोरी आणि पिसं हाताला लागत नाहीत. तीच हालचाल रिकर्व्हवर आली की बाण दर वेळी थोडा वेगळीकडं जातो. रिकर्व्हवर बाण पोत्यात लागेपर्यंत डावा हात जागचा हलवू नका.

५. टार्गेट न लावता बाण सोडा

धनुष्य बदलल्यावरचे पहिले पाच-सहा बाण तीन-चार मीटरवरून, कोऱ्या बटवर, म्हणजे बाण अडवणाऱ्या गठ्ठ्यावर. कागद नाही, ठिपका नाही. लक्ष फक्त हातावर. अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझ्या मते बाकीचं सगळं चुकवून एवढं केलं तरी अर्धं काम होतं.

बटसाठी कडब्याच्या पेंढ्या बांधायची पद्धत आहे, पण ज्वारीचं जाड धाट पिसं खरवडतं आणि बारीक बाण तिरपा करतं. पोत्यात चिंध्या आणि जुन्या साड्या ठोकून भरलेला बट जास्त चांगला.

> धोका: शेतात सराव करताना फक्त बांधाच्या भरवशावर राहू नका. कापूस वेचायला वाकलेलं माणूस पऱ्हाटीत दिसत नाही. बांधापलीकडं चालून बघा, मगच पहिला बाण लावा. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, चुकलेला बाण भेगेत आडवा गेला तर सापडत नाही. बटमागं जुनी ताडपत्री सैल टांगा.

६. आता अंतर, आणि आता नेम

१० मीटरपासून सुरुवात, मग १५, मग २०. प्रत्येक अंतरावर सहा बाण, एकाच ठिपक्यावर नेम. बाण चुकीच्या जागी लागले तरी सहाही बाण होईपर्यंत नेम हलवायचा नाही. मग गटाचा मध्य ठिपक्यापासून किती आणि कुठं, ते मोजून त्या धनुष्याच्या पानावर लिहा.

गट घट्ट आहे पण डावीकडं किंवा उजवीकडं आहे: बाणाचा स्पाइन किंवा पिसाची दिशा. टप्पा २ वर परत. बाण उभ्या रेषेत वर-खाली पसरलेत: ओढ किंवा गालाची जागा. शेवटचे बाण खाली येत गेले: थकवा किंवा तापलेलं धनुष्य. चारी दिशांना पांगलेत: त्या दिवशी ते धनुष्य ठेवून द्या.

गट घट्ट आहे आणि सरळ खाली आहे, तर घाबरू नका. हा वेगाचा फरक. सेकंदाला ५५ मीटर वेगानं जाणारा बाण २० मीटरवर पोचेपर्यंत साधारण ६५ सेंटिमीटर खाली येतो. ४८ मीटर वेगाचा जड बाण साधारण ८५ सेंटिमीटर. ८० सेंटिमीटरच्या फेसवर, म्हणजे टार्गेटच्या कागदावर, एक रिंग ४ सेंटिमीटरची, म्हणजे हा २० सेंटिमीटरचा फरक पाच रिंगांचा. त्यासाठी हात बिघडलेला असायची गरज नाही. बाणाचं टोक ठिपक्याच्या किती वर किंवा खाली दिसायला हवं, ते प्रत्येक धनुष्यासाठी प्रत्येक अंतरावर वेगळं लिहून ठेवा. एका धनुष्याचं अंतर दुसऱ्याला लावायचं नाही.

जे लोक ‘मी अंदाजानंच मारतो, टोक बघत नाही’ म्हणतात त्यांनीही हे लिहावं. अंदाजसुद्धा ज्या धनुष्यावर बसला त्याचाच असतो.

७. अदलाबदलीचा सराव

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एका दिवशी एकदाच बदल. आधी मुख्य धनुष्य, दहा मिनिटं विश्रांती, मग दुसरं, आणि तिथंच थांबायचं. त्याच दिवशी परत पहिल्यावर येऊ नका. वजनात थोडा फरक असेल तर जड धनुष्य आधी.

दोन्हीकडचे गट १५ मीटरवर स्थिर झाले की सहा बाण एकावर, सहा दुसऱ्यावर. दर वेळी धनुष्य उचलताना रंगाचा ठिपका, ब्रेस हाइट, पिसाची दिशा आणि मूठ, या क्रमानं बघायचं. तोंडानं पुटपुटा, लाज नको.

वहीत प्रत्येक सहा बाणांतला पहिला बाण वेगळा लिहा. सहाची सरासरी फसवते, कारण तिसऱ्या-चौथ्या बाणापर्यंत हात आपोआप जुळवून घेतो. बदल जमला की नाही हे पहिला बाणच सांगतो. तो दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर मागच्या धनुष्याची एखादी सवय अजून हातात आहे: डावं-उजवं असेल तर सोडण्यात किंवा मुठीत, वर-खाली असेल तर गालाच्या जागेत शोधा.

इंडियन राउंडला उतरायचं असेल तर स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे बाकीची धनुष्यं कपाटात ठेवा. तेवढ्या दिवसांत अंगठा विसरणार नाही.

आणि मैदानावर कुणी ‘हे बघा जरा मारून’ म्हणत धनुष्य पुढं केलं, तर त्याच्याकडं त्याचेच बाण मागा, आपल्या ओढीला ते पुरतात का ते बघा, आणि तीन-चार मीटरवरच्या पोत्यावर सोडा. लांबच्या फेसवर मारून दाखवायचा आग्रह झाला तरी नको म्हणा.